नर्सबाईंच्या भिंतीवर लिहिलं होतं

मित्रांनो, मला तोंड नाही, तरी आयुष्यभर मी बोलतच आले. मी एक भिंत आहे. निपाणीहून संकेश्वरकडे येताना महामार्ग सोडला की एक फाटा लागतो. तिथल्या बसथांब्याला लागून चार खोल्यांचं कौलारू घर आहे. त्या घराची रस्त्याकडची बाजू म्हणजे मी. मला खिडकी नाही की दार नाही. दार आहे ते माझा कोपरा वळलं की चार पावलांवर. ते दार तेवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी शाळेत गेलेली नाही. माझ्या अंगावर काय लिहिलंय तेही मला दिसत नाही. पण बसची वाट बघून माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस समोर दिसेल ते मोठ्यानं वाचतो. कुणी अडखळत, कुणी झरझर, कुणी बायकोला ऐकवत. ऐकून ऐकून मी शिकले. वाचणाऱ्यांचे चेहरे तर मला समोरच दिसतात. कुठल्या शब्दावर डोळे थांबतात, कुठल्या शब्दावर हात खिशाकडं जातो, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

मला बांधलं तानीबाईंनी. त्या सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. पगारातून थोडं थोडं साठवून पाया घातला, वर वीट चढवली. गिलावा झाला त्या दिवसापासून एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ मला पाणी मारलं ते त्यांच्या धाकट्या भावानं, सत्याप्पानं. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. दिवसभर तंबाखूची धूळ खाऊन यायचा, शिंकत शिंकत बादली उचलायचा आणि म्हणायचा, "पी बाई, पी. आक्काचं घर हाय, भेगाळलीस तर मला शिव्या बसतील." मी भेगाळले नाही. मला आईबाप विचाराल तर एक तानीबाई आणि दुसरा तो.

माझ्यावर पहिली अक्षरं उमटली ती लसीची. तेव्हा नर्स दिसली की बाया पोरं लपवायच्या, कणगीमागं, गोठ्यात. तानीबाई दारात ठिय्या मारायच्या. "राजमतीकाकूंच्या नातवानं घेतली, पाटलाच्या पोरीनं घेतली. सारी गल्ली झाली, तुझंच पोर ऱ्हायलंय. उद्या कुणाचं पोर लंगडलं तर ते तुझंच असंल बघ." ती बाई घाबरायची, लाजायची आणि पोर बाहेर काढायची. सगळी गल्ली झालेली असायचीच असं नाही. हे मला ठाऊक होतं आणि तानीबाईंनाही. पण पोरं वाचली. त्या वाचलेल्या पोरांनीच माझी पत वाढवली. "नर्सबाईंच्या भिंतीवर लिवलंय" असं कुणी म्हटलं, की फाट्यावरचा वाद मिटायचा.

मग काळ बदलला. उपकेंद्राच्या पाट्या कन्नडमध्ये आल्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या इंग्रजीत. सत्याप्पा बाजारात घडाघडा कन्नड बोलायचा, पण वाचायला त्याला मराठीच यायचं. तानीबाई निवृत्त झाल्या. त्यांचा मुलगा सुगत बेळगावात बँकेत लागला आणि वडगावात घर घेऊन राहिला. माझ्यावर सिमेंट आलं, साबण आला, बियाणं आलं, निवडणुकीत तर न विचारता कोणीही आलं. नंतर तेही थांबलं. पापुद्रे सुटले. पान खाणाऱ्यांनी खालचा हातभर भाग आपलासा केला. फाट्यावर उभं राहूनही आपल्याला कुणी वाचत नाही, हे दुखणं फार वाईट असतं मित्रांनो. त्या दिवसांत मला कुणीही लिहावं असं वाटायचं. माझी चूक म्हणाल तर तिथूनच सुरू झाली.

सत्याप्पाला साखरेचा आजार जडला होता. बायको वारल्यावर तो रस्त्यापलीकडच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. त्याच्याकडं फ्रीज नव्हता, म्हणून सुईची, म्हणजे इन्सुलिनची, बाटली बहिणीच्या फ्रीजमध्ये असायची. रोज सकाळी सात वाजता तो स्वतःच्या किल्लीनं कुलूप काढायचा, बाटली घेऊन माझ्याखालच्या कट्ट्यावर उन्हाला बसायचा, पोटाची चिमट धरायचा, टोचायचा आणि म्हणायचा, "झालं बाबा एकदाचं." नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही. सुई भरायची कशी, टोचायची कुठं, सगळं तानीबाईंनीच शिकवलं होतं.

गेल्या ऑगस्टात तानीबाई दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला बेळगावला गेल्या. तीन महिने तिकडंच राहायचं ठरलं. त्या असताना नसतं घडलं ते त्या नसताना घडलं.

गणपती उठले, पावसानं जरा उसंत घेतली आणि मोटारसायकलवरून नागेंद्र नावाचा एक माणूस आला. 'गोडमुक्ती' नावाची पावडर विकणाऱ्या कंपनीचा. आमच्याकडं रीत अशी, की कंपनी एक भिंत वर्षभर वापरते आणि बदल्यात सगळं घर रंगवून देते. नागेंद्रनं सुगतला फोन लावला. सुगतनं आईला विचारलं. आई म्हणाल्या, "रंगवू दे की. गिलाव्याला बरंच हाय." भिंतीवर काय लिहिणार, हे नागेंद्रनं सांगितलं नाही, सुगतनं विचारलं नाही आणि तानीबाईंनी तर उभ्या आयुष्यात घराचा रंग फुकट मिळालेला बघितला नव्हता.

लिहायला आला निपाणीचा परशराम पेंटर. हात झकास आणि तोंड त्याहून. चुन्यात भिजवलेली दोरी ताणून माझ्यावर रेघा मारल्या आणि शिडीवर चढला. कट्ट्यावर सत्याप्पा होताच.

परशरामानं लाल रंगात पहिली ओळ काढली. सत्याप्पानं वाचली, "सुई टोचून टोचून कंटाळलात?" आणि आपसूक म्हणाला, "व्हय की!"

शिडीवरून परशराम हसला. "बघ आप्पा, लागलास गळाला. पैला सवालच असा घालायचा, की माणसानं व्हयच म्हटलं पायजे. एकदा व्हय म्हटला, की फुडचं व्हय आपोआप निघतंय."

"लई चाबरा हाईस लेका."

"मी कुठला? कंपनीचा कागद चाबरा. मी आपला गिरवतोय."

दुसरी ओळ आली. हजारो घरांचा विश्वास. सत्याप्पानं विचारलं, "हजारो म्हंजे किती रं?"

"मोजलंय कुणी? आकडा मोठा घातला, की माणूस मोजत न्हाय. आपण एकटंच मागं ऱ्हायलो म्हणून पळत येतंय."

मला लसीचे दिवस आठवले. तीच युक्ती, तेच शब्द. फक्त पलीकडं पोर नव्हतं, पावडरीचा डबा होता.

तिसऱ्या दिवशी परशरामानं पांढरा कोट घातलेला, गळ्यात नळी अडकवलेला एक गोरापान माणूस काढला. सत्याप्पा म्हणाला, "ह्यो डॉक्टर कुठला? चिकोडीचा का?"

"डॉक्टर न्हाय आप्पा, नुसता कोट हाय. खाली नाव लिवलंय का? न्हाय न्हवं? मग झालं. तोंड माझ्या मेव्हण्याचं काढलंय. त्यो सलूनमधी असतोय."

दोघंही खोखो हसले. समोरच्या किराणा दुकानातून पद्मराजही हसला. मग आलं, आपल्या मातीतलं, आपल्या माणसांचं. मग आलं, फक्त दिवाळीपर्यंत, दोन डब्यांवर एक मोफत.

"आन् दिवाळीनंतर?"

"दिवाळीवर पांढरा मारायचा आन् शिमगा लिवायचा."

मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगते, एकूणएक युक्ती सत्याप्पाला तोंडावर सांगितली गेली होती. तो फसण्यातला नव्हता. संध्याकाळी तो परशरामाची नक्कल करून पद्मराजला हसवायचा. "नुसता कोट हाय, नुसता कोट!"

चौथ्या दिवशी नागेंद्र काम बघायला आला. खाली हातभर जागा उरली होती. तिथं विक्रीचं ठिकाण लिहायचं होतं, पद्मराज किराणा. नागेंद्रनं सहज विचारलं, "हे घर बँकेतल्या सुगतचंच ना?"

सत्याप्पा म्हणाला, "नर्सबाईंचं. माझी आक्का ती. चाळीस वर्सं ह्या भागाला सुया टोचल्यात तिनं."

नागेंद्रचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं. पानवाल्याचा गिऱ्हाईक बघून होतो तसा. तो परशरामाला म्हणाला, "असं लिही, नर्सबाईंच्या घरी या, समोरच मिळेल."

परशरामाचा ब्रश थांबला. "साहेब, बाईंना इचारलंय का?"

"यात काय खोटंय? दुकान नर्सबाईंच्या घरासमोर आहे की नाही? पत्ता आहे हा. पत्त्याला कुणाला विचारायचं?"

परशरामानं लिहिलं. सत्याप्पा या वेळी हसला नाही. तो उठून चार पावलं मागं गेला, सगळी भिंत नजरेत मावेल असा उभा राहिला आणि मला वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. आधीच्या ओळी कंपनीच्या होत्या. शेवटच्या ओळीत त्याची आक्का होती. मला पाणी मारतानाच्या दिवसांत तो माझ्याकडं असंच मायेनं बघायचा.

त्या रविवारी तानीबाईंचा फोन आला. सत्याप्पानं कट्ट्यावर बसून आवाज मोठा केला.

"आक्का, भिंत लई झ्याक दिसतीया."

"व्हय? रंग कुठला मारलाय रं?"

"फिक्कट पिवळा. वर लाल, निळी अक्षरं. लांबनं एसटीतनं वाचाय येतंय."

"बरं झालं. पन्हाळीतनं गळतंय का बघितलंस?"

पन्हाळीचं बोलणं झालं, गुडघ्यांचं झालं, नातीच्या परीक्षेचं झालं. अक्षरांत काय आहे हे त्यानं सांगितलं नाही, कारण होकार दिलाय म्हणजे काय लिहिणार हे तिनं विचारून घेतलंच असेल, असं तो धरून चालला होता. तिनं विचारलं नाही, कारण ती साबण किंवा सिमेंट धरून चालली होती.

सोमवारी सात वाजता कुलूप वाजलं नाही. मी वाट पाहिली. आठ वाजता सत्याप्पा आला तो पद्मराजच्या दुकानातून, हातात डबा घेऊन. झाकणात पावडर घेतली, पाण्यात ढवळली, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "झालं बाबा एकदाचं." त्याच कट्ट्यावर, त्याच उन्हात.

मला ओरडायचं होतं. पण माझं ओरडणं तर माझ्या अंगावर लाल रंगात लिहिलेलं होतं, आणि ते भलतंच होतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या उजव्या अंगठ्याला चपलेनं फोड आला. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळत नाही. तो त्यावर चिंधी बांधून फिरायचा. तहान इतकी लागायची की कट्ट्यावर दोन बाटल्या घेऊन बसायचा. पद्मराज वाईट माणूस नव्हता. एकदा रस्ता ओलांडून आला.

"आप्पा, पाय सुजलाय तुझा. दवाखान्यात दाखव जा."

सत्याप्पानं डबा फिरवून मागची बारीक अक्षरं दाखवली. "हे वाच. सुरुवातीला त्रास वाढला तर घाबरू नका, आतली घाण बाहेर पडत आहे. औषध लागू पडतंय बघ."

"अरे पर..."

"तुझ्याच दुकानातलं हाय न्हवं?"

पद्मराज परत गेला. गल्ल्यामागून तो कितीतरी वेळ माझ्याकडंच बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी डबे मागवले. लोक विचारत येत होते, तो तरी काय करणार, असं त्याचं म्हणणं.

परशरामाच्या साऱ्या युक्त्यांत ही एक नव्हती. बरं वाटलं तर औषधाचा गुण, आणि वाईट झालं तरी औषधाचाच गुण. ज्यानं ही लिहिली असेल त्याला सुखानं झोप कशी लागते, हे मला कुणी सांगेल का?

दिवाळीला आठवडा होता. सुगतची गाडी थांब्याजवळ थांबली. तानीबाई काठीवर रेलून उतरल्या आणि घराकडं बघून हसल्या. मग त्यांनी मला वाचलं.

आजवर मला हजारोंनी वाचलंय, खरे हजारो, मी मोजलेले. असं कुणी वाचलं नव्हतं. वरच्या ओळीपासून डोळे खाली उतरत आले. पांढऱ्या कोटावर भुवई वर गेली. शेवटच्या ओळीवर त्या पोचल्या आणि त्यांचा हात काठीवर घट्ट झाला.

"सुगत, हे कुणी लिवलंय?"

सुगत डिकीतून पिशव्या काढत होता. त्यानं वळून पाहिलं आणि पिशव्या तशाच राहिल्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून सत्याप्पा आला. पाय ओढत, पण तोंडभर हसत. सणाला पाहुणे यावेत तसा त्याला आनंद झालेला.

"आक्का, आलीस व्हय गं! बघ, महिना झाला, सुई सोडली मी."

"कुणाला इचारून सोडलीस?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "तूच की. तुझ्या भिंतीवर तुला इचारल्याबिगर कोण लिवणार?"

तानीबाईंनी नाक वर करून वास घेतला. चाळीस वर्षं जखमा धुतलेल्या बाईचं नाक होतं ते. "चिंधी सोड," त्या म्हणाल्या. त्यानं सोडली. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा घोट्याकडं चढत होता. सुगत तोंड फिरवून उभा राहिला. तानीबाईंनी पोटच्या लेकराचा धरावा तसा तो पाय हातात धरला आणि म्हणाल्या, "दुखतंय का रं?"

"न्हाय गं. काईच दुखत न्हाय. त्येच तर म्हणतोय."

त्याच गाडीतून त्याला बेळगावला नेलं. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखाली पाय. विष रक्तात उतरलं होतं. अकराव्या दिवशी तो परत आला तो रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या कापडात. माझ्याच सावलीत त्याला थोडा वेळ ठेवलं. लोक जमले. बुद्धवंदना झाली. आणि त्यांच्या डोक्यांवर, सगळ्यांना दिसेल असं, माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, सुई टोचून टोचून कंटाळलात?

त्याहून वाईट पुढं आहे. पाचव्या दिवशी एक ओळखीची बाई भेटायला आली. डोळे पुसले, सत्याप्पाचं चांगलं बोलली. जाताना कोपऱ्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या मालकास्नी ती पावडर कितीदा द्यायची वो?"

तानीबाई म्हणाल्या, "त्याच पावडरीनं गेला माझा भाऊ."

"तसं न्हवं, त्येंच्या नशिबात हुतं. पर तुमी भिंतीवर लिवलंय म्हंजे..."

त्या दिवशी तानीबाईंनी परशरामाला बोलावून घेतलं. तो आला, पण शिडी घेऊन लांबच उभा राहिला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मी इचारलं हुतं त्या सायबाला."

"मला का न्हाय इचारलंस? फोन हुता न्हवं तुझ्याकडं?"

परशरामानं शिडी लावली. त्यानं मला चुन्याचे दोन हात दिले. लाल बुजलं, निळं बुजलं, मेव्हण्याचं तोंड बुजलं. मग ब्रश धुऊन विचारलं, "आता काय लिवू?"

तानीबाईंनी वहीचा कागद दिला. त्यानं वाचला आणि धंद्याच्या माणसासारखा बोलला. "बाई, राग मानू नका. ह्यानं कुणी थांबणार न्हाय. तुटलेला पाय काढू का मोठा? लाल रंगात? माणूस भ्यालं की वाचतंय."

"मी बी भीती घालूनच पोरं गोळा केली हुती परशराम. लोकांनी माझ्यावर इश्वास टाकला तो तसाच. त्येच्यापायी इचारायचं सोडलं त्येंनी. आता न्हाय."

"मग ही पैली ओळ तरी काढा. 'ही जाहिरात मी वाचली नव्हती.' त्यानं तुमचंच वजन कमी हुतंय."

"ऱ्हाऊ दे. त्येच खरं हाय."

तेव्हापासून माझ्या अंगावर काळ्या अक्षरांत एवढंच आहे: 'इथली जाहिरात मी वाचली नव्हती. माझा भाऊ सत्याप्पा ती वाचून सुई सोडून बसला आणि मेला. सुई सोडू नका. कुणी काही सांगितलं तर मला येऊन विचारा. तानीबाई.' खाली सही. परशरामानं कंपनीचा कागद गिरवला होता तसाच हाही गिरवला, फक्त या वेळी बडबड केली नाही.

सुगतनं तक्रार दिली. कागद फिरतोय म्हणतात. नागेंद्र पुन्हा दिसला नाही, पण तीन किलोमीटरवर, पुढच्या थांब्यापाशी, दुसरी भिंत रंगली आहे, असं बसमधून उतरणारे सांगतात. तिच्यावरही कोट आहे. माझ्याकडं फारसं कुणी बघत नाही. परशराम खरं बोलला होता. साध्या काळ्या अक्षरांवर डोळे ठरत नाहीत, घसरून जातात. आणि पावसात चुना भिजला, की खालचं लाल अजून थोडं वर येतं. तानीबाई काठी टेकत येतात, बघतात आणि वाळलं की पुन्हा चुना देतात. फ्रीजमध्ये सत्याप्पाची बाटली अजून तशीच आहे, असं सुगत एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होता.

गेल्या आठवड्यात एक अनोळखी बाई बसमधून उतरली. पिशवीतून गोडमुक्तीच्या डब्याचं झाकण डोकावत होतं. तिनं मला वाचलं, एकेका शब्दावर बोट धरल्यासारखं, सावकाश. पुन्हा वाचलं. तिची बस आली आणि गेली. मग ती माझा कोपरा वळली, चार पावलं चालली आणि मी तिला कडी वाजवताना ऐकलं.

दार उघडायला वेळ लागला. गुडघे अजून पुरते चालत नाहीत.

"बाई, भिंतीवरचं ते तुमीच लिवलंय का?"

"व्हय," तानीबाई म्हणाल्या. "मीच. आत ये."

मित्रांनो, मी भिंत आहे. माझ्यावर जो लिहील त्याचं मी बोलते, उद्या कोण लिहील ते माझ्या हातात नाही. सत्याप्पाकडं त्या घराची किल्ली होती, म्हणून त्याला कधी दार वाजवावं लागलं नाही. तुमच्याकडं किल्ली असो वा नसो, माझ्यासारखीला वाचून झालं, की कोपरा वळा आणि आधी कडी वाजवा.